बाबांची फ्लूची सुई

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेअकरा. ठिकाण: पवनीजवळच्या गावातल्या आमच्या घराची ओसरी. हजर: बाबा, आई, धाकटा भाऊ, मी आणि पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स, ज्यांना सगळं गाव सिस्टरबाई म्हणतं. काम: आम्हा चौघांना फ्लूची लस. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

माझ्या वहीत एवढंच आहे. बाकीचं लिहिलं नाही, पण विसरलेही नाही.

गेल्या थंडीत बाबांना साधा ताप आहे असं समजून आम्ही दोन दिवस काढ्यावर घालवले. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ निळे पडले. मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन, हाताला सुया, रात्रंदिवस मशीनचा आवाज. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं आता पूर्वीसारखी नाहीत, पुन्हा असा फ्लू झाला तर अवघड जाईल. थंडीआधी लस द्या, घरातल्या सगळ्यांनीही घ्या.

तेव्हापासून सुईचा विषय निघाला की बाबा उठून तळ्यावर जात. जन्मभर मासे धरलेला माणूस. डोंगा एकदा आत गेला की काठावरून हाका मारून उपयोग नसतो. मी उन्हाळ्यापासून मागे लागले होते. शेवटी पोळ्यानंतर ते म्हणाले, "एक डाव घेतो. एकच डाव. मंग मले कोणी विचाराचं नाही."

मी भंडाऱ्याला नोकरी करते. शुक्रवारी संध्याकाळी लस भरलेल्या चार सुया आणल्या आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवल्या. भाऊ शनिवारी पहाटे मोटरसायकलवर मासळी घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात येतो आणि तिथून घरी परततो. एसटीपेक्षा तो लवकर पोचेल म्हणून थर्मोकोलची पेटी त्याच्याकडे दिली. आत बर्फाच्या दोन निळ्या थैल्या होत्या. झाकणावर कागद चिकटवला: उन्हात ठेवू नये, वाटेत थांबू नये, थंड राहिली पाहिजे, पोचल्यावर फोन करणे. औषधाच्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली होती, गोठू देऊ नका. ती मी लिहिली नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मोटरसायकलवर काय गोठणार, असं वाटलं.

भाऊ कागद वाचून हसला होता. "ताई, बर्फाचं तू मले शिकवून राहिली का?"

नऊला त्याचा फोन आला. अकराला मी पोचले. सिस्टरबाई आल्या, बाबा खाटेवर बसले आणि कोणी सांगायच्या आधी त्यांनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवली. मी आत जाऊन पेटी उघडली. निळ्या थैल्या होत्या तशाच होत्या. पण सुईचा पुठ्ठ्याचा डबा हातात घेतला तर तो भिजून वाळल्यासारखा वेडावाकडा झाला होता, आणि कडेला पांढरं काहीतरी सुकलं होतं. मी बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

भावाला आत बोलावलं.

"बर्फ बदलला?"

"तुह्या त्या दोन थैल्या इथवर टिकल्या असत्या का? मच्छीचा बर्फ फोडून टाकलो."

"आणि मीठ?"

"मीठ तं टाकाच लागते. नागपूरले माल धाडतो तं बिना मिठाचा धाडतो का? मिठानं बर्फ जास्त थंड होते."

"ते मला माहीत आहे. घरी आल्यावर उघडून पाहिलं होतंस?"

त्याने डब्यातली एक सुई काढून माझ्या हातात दिली.

"कडक झाल्या होत्या," तो म्हणाला. "चारही. मंग बाहेर काढून ठेवलो. सुटल्या. तुह्या थैल्या परत लावलो. आता पाणीच आहे, पाहून घे."

मी सुई उजेडात धरली. खरंच स्वच्छ पाणी होतं.

"ताई, बोलू नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाबानं बाही वर केली आहे. आज नाही म्हटलं तं तो पुन्हा बसते का?"

हे खरं होतं. ओसरीतून सिस्टरबाईंनी विचारलं, "आणता का बाई?" मी चारही सुया ताटलीत ठेवल्या आणि बाहेर गेले. काही ठरवलं नव्हतं. सिस्टरबाईंनी स्पिरिटचा बोळा बाबांच्या दंडावर फिरवला, सुईचं टोपण काढायला हात लावला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "थांबा. या गोठल्या होत्या."

त्यांनी सुई उंच धरून पाहिली. "दिसायला तं साफ आहे."

"मंग द्या की," भाऊ म्हणाला.

"गोठून सुटलेली लस डोळ्याले साफच दिसते रे. तिच्यात दम राहिला का नाही, ते दिसत नाही. टोचली म्हणून तुम्ही बिनधास्त राहाल अन् हा माणूस थंडीत पुन्हा आडवा पडंल." त्यांनी चारही सुया बाजूला काढल्या. "ह्या कोणालेच देत नाही मी."

आई भावाकडे वळली. "मिसरूड फुटाच्या आधीपासून बर्फ फोडून राहिला. औषधाले मच्छी समजला का रे?"

बाबा स्वतःच्या दंडाकडे बघत होते. स्पिरिट वाळलं होतं. त्यांनी बाही खाली केली.

"झाला माहा डाव."

"बाबा, टोचलंच नाही अजून," मी म्हणाले.

"मी बसलो, बाही वर केलो. माहा डाव झाला." चप्पल घालून ते तळ्याकडे निघाले. मी अंगणापर्यंत मागे गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी मी एसटीने आले, नव्या चार सुयांची पेटी मांडीवर घेऊन. कागदावर पाचवी ओळ होती, लाल शाईने. भावाने सगळ्यांच्या आधी दंड पुढे केला. मग आई, मग मी. बाबा त्या दिवशी सूर्य उगवायच्या आधीच घरातून गेले होते, आणि सिस्टरबाई दुपारी दोनपर्यंत थांबून घरी गेल्या. चौथी सुई मी तशीच थंड परत नेली. ती माझ्या फ्रिजमध्ये आहे.

"चूक माही होती," असं भावाने जेवताना बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तुही असो का तिची, डाव माहा होता." त्यानंतर मी बाबांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आईने उचलला, आणि मागून त्यांचा खोकला ऐकू आला.

तळ्यावर आता सकाळी धुकं असतं, असं आई सांगते. या रविवारी मी जाणार आहे, पेटी न घेता. आधी बाबांशी बोलायचं आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि त्यांची सुई राहिलेलीच आहे.