तीनशे मीटर

लॉकडाऊनमध्ये परदेशातल्या आमच्या गिरावीन उपनगरातल्या रस्त्यावर माझा पुणेकर शेजारी रोज पाठीवर कणकेची दहा किलोची पिशवी बांधून चढ चढायचा. सीमा उघडल्या की त्याला किर्गिझस्तानात डोंगरी मेंढ्याच्या शिकारीला जायचं होतं.

रायफल त्याने सगळ्यात हलकी निवडली. "अरे, ती दिवसभर खांद्यावर वाहायची आणि झाडायची एकदाच!" नेमबाजीची रेंज उघडल्यावर पाच प्रकारची काडतुसं झाडून पाहिली, तीनशे मीटरवर जी एका जागी बसली, तीच ठेवली.

शेवटी तो जाऊन आला, रिकाम्या हाताने.

"मेंढा दिसलाच नाही?" मी विचारलं.

"दिसला की! झकास होता. पण चारशेवर."

"मग मारून बघायचंस."

"मी तीनशेचा माणूस आहे," तो म्हणाला आणि पिशवी बांधून चढाला लागला.