युलालीबाईंचा ओढा

युलालीबाई फाँतेन यांचा लिंबांचा मळा आमच्या बेटावर, गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर होता. नवरा गेल्यावर तो त्यांनी एकटीनं सांभाळला. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं, चाकावर लिंबं पिळायचा घाणा, आणि रसाची पिंपं बोटीनं विलायतेला जायची. मी त्यांच्याकडे लिंबं वेचायचो. बाई तोंडाच्या फटकळ. पण कुणी आजारी पडलं की स्वतः काढा घेऊन झोपडीत यायच्या.

मंदी आली तसं रसाला कुणी विचारेना. त्यातच सरकारनं वरच्या अंगाला ओढा अडवून गावात नळ आणला. चाक थांबलं. बाईंनी अर्जावर अर्ज धाडले, तेव्हा कुठे राजधानीहून एक इंग्रज साहेब चौकशीला आला. शाळेत बैठक भरली.

"ओढा माझ्या जमिनीतला. मला न विचारता वळवलात," बाई म्हणाल्या. "भाव आज पडलेत, उद्या चढतील. तोवर घाणा गंजून गेला तर?"

"तुमची तक्रार खरी आहे, बाई. पण तिजोरी रिकामी आहे, भरपाई देता येणार नाही. पाणी परत सोडता येईल. मग नळ बंद." साहेब आमच्याकडे वळला. "गावाचं काय म्हणणं?"

"बघ कसा डाव टाकला," शेजारचा म्हातारा आंतोनँ पुटपुटला. "आपल्याच तोंडून मालकिणीला नाही म्हणवतोय."

धुणं धुणारी सिल्व्हानी उठली. तिची दोन लेकरं डबक्याचं पाणी पिऊन तापानं गेली होती.

"रागावू नका, बाईसाहेब. नळ आला म्हणून तिसरं जगलंय माझं."

ती रडू लागली. बाई तिच्याकडे वळल्या.

"बस, सिल्व्हानी. चारचौघांत रडू नकोस." मग साहेबाला म्हणाल्या, "हिला माझ्यासमोर उभं करायला नको होतं तुम्ही. मला एकटीला विचारलं असतंत, तरी मी हेच सांगितलं असतं. राहू दे नळ."

घाण्यासाठी दुसरी सोय बघतो, असं सांगून साहेब गेला. त्यानंतर सरकारातून कुणी फिरकलं नाही.

लिंबं झाडांखालीच सडली. आम्ही कामाच्या शोधात पांगलो. बाईंनी मळा मिळेल त्या भावाला विकला आणि शेजारच्या बेटावर बहिणीकडे शिवणकाम करायला गेल्या. धक्क्यावर सिल्व्हानीनं त्यांचे पाय धरले, तर म्हणाल्या, "ऊठ गं, बोट सुटेल माझी."

काही वर्षांनी त्या वारल्याची बातमी कोळ्यांनी आणली. आम्ही चर्चची घंटा वाजवली. त्यांना बहिणीच्या बेटावरच पुरलं होतं; पुरायला आमच्याकडे मात्र कुणी नव्हतं.