मार्गशीर्षात जहाज कुठं होतं

आबांनी मला मुंबईला जहाज शोधायला पाठवलं, आणि तेही मार्गशीर्षातलं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचे वडील खलाशी. ते ज्या जहाजावर होते ते जहाज आबांच्या जन्माच्या आदल्या मार्गशीर्षात मुंबई बंदराला लागलं होतं का, एवढंच मला बघून यायचं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते, आणि इतिहासवालीला सगळं सापडतं अशी आबांची समजूत. मी विचारलं, "मार्गशीर्षच का?" पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं आधी आई आसपास नाही ना ते पाहिलं, मग हळूच म्हणाले, "मना जलम पोळाना शे."

मी बोटांवर महिने मोजले. मार्गशीर्ष ते पोळा, नऊ भरत होते.

झालं होतं असं. पणजोबा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, करून जहाजावर गेले. आमच्या गावातून समुद्रावर जाणारा पहिला माणूस. म्हशी बसतात त्या पांझरेपेक्षा मोठं पाणी गावानं पाहिलेलं नव्हतं. वाजतगाजत वेशीपर्यंत मिरवणूक निघाली, घरटी नारळ आणि उपरणं मिळालं. पणजी माहेरी पहूरला गेली. दोन वर्षांनी, आखाजीलाच, पणजोबा परत आले. ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या पोळ्याला पहूरला आबा जन्मले होते. आमच्या गावाला तेव्हा लिहिता-वाचता येत नसे, महिने मात्र चोख मोजता येत.

पणजोबा म्हणाले, मधे मार्गशीर्षात जहाज मुंबईला लागलं होतं, मी आठ दिवस पहूरला जाऊन आलो. अर्ध्या गावानं मानलं. उरलेल्या अर्ध्याचा वारसा पुढं नानांकडे आला, ते आबांचे चुलतभाऊ. सत्तर वर्षं ते पारावर आबांकडे बोट दाखवून म्हणत आले, "हाऊ टपालमा ऊना." हा टपालानं आला. सगळे हसत. आबाही हसत. वर बापाच्या समुद्राच्या गोष्टी सांगत, माशाची लांबी दर वर्षी दोन हात वाढवून.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला गेले. जुन्या खलाशांच्या नोंदी ठेवणारं एक दप्तर शोधून काढलं. तिथल्या कारकुनानं माझा कागद वाचला आणि म्हणाला, "धुळं? तिथं समुद्र कधी आला?"

"निघालाय," मी म्हटलं.

वह्यांमध्ये नुसती कोकणातली नावं. तिसऱ्या दिवशी त्या गर्दीत एक खानदेशी सापडला. नाव, बापाचं नाव, गाव, उजव्या गुडघ्यावर जखमेची खूण, सगळं जुळलं. काम, कोळसा लोटणं. घरी आम्ही कप्तानाचा उजवा हात असं ऐकत आलो होतो. असो, हातानंच लोटतात कोळसा. मग कारकुनानं जहाजाच्या मुक्कामांवरून बोट फिरवलं. "डिसेंबरात आफ्रिकेच्या किनाऱ्याला. दोन वर्षं मुंबईला फिरकलंच नाही."

आता घरी त्या म्हाताऱ्याला काय सांगू? पान फाडावं असंही मनात येऊन गेलं, इतिहास शिकवत असून.

"पण बाई," कारकून म्हणाला, "तुमचा माणूस जहाजावर नाहीच. हा शेरा बघा. करारावर अंगठा उठवला, जहाज सुटताना गैरहजर. पळाला."

"पळाला?"

"पळालाच."

मी इतकी हसले की त्यानं पाणी मागवलं. पूर्वज पळपुटा निघाला म्हणून आनंदानं वेडी झालेली बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. नक्कल करून घेताना मी त्याला सांगितलं, तो शेरा जरा ठळक लिहा.

आबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी नक्कल उलटी करून पाहिली, मागं जहाज असेल तर बघावं म्हणून. "म्हंजे समुद्र नहीच?" एवढंच बोलले. शेवभाजी होती तरी जेवले नाहीत. सकाळी टोपी घालून दारात उभे. पळाला तर गेला कुठं, ते पहूरलाच कळणार होतं.

पहूरला आबांची मावशी होती, पणजीची सगळ्यात धाकटी बहीण, ऐंशीच्या पुढची. ती शेंगा फोडत बसली होती. मी तिला शेरा वाचून दाखवला.

"मंग? मले ठाऊक हाये," ती म्हणाली. आणि शेंगा फोडत फोडतच सांगितलं. जहाज बघून पणजोबा घाबरून मागच्या मागं फिरले. पण नारळ-उपरणी घेऊन निघालेला माणूस आठ दिवसांत कुठल्या तोंडानं परत जाणार? ते थेट सासरवाडीला आले आणि दोन वर्षं कापसाच्या खोलीत राहिले. भरीत-भाकरी खायचे. कोणी आलं आणि ते खोकले, तर मांजर आहे म्हणून सांगायचं, असं पोरांना बजावलेलं. समुद्राच्या गोष्टी त्यांनी या पोरांवरच घोटून पाठ केल्या.

"मावशी, इतकी वर्षं बोलली नाहीस?" आबा म्हणाले.

"शपथ घातली व्हती त्यानं. आन तू तरी कधी इचारलं?"

आबांनी कधीच विचारलं नव्हतं. उत्तर काय येईल, याची त्यांना सत्तर वर्षं भीती वाटत होती.

परतीच्या एसटीत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पणजोबांनी स्वतःची मर्दुमकी सांभाळली आणि बायकोच्या नावाला बोट लागू दिलं. ती बिचारी नवऱ्याचा भित्रेपणा झाकत, सगळं ऐकत ऐकतच गेली. आबा खिडकीबाहेर बघत होते. नक्कल इंग्रजीत होती. जहाज मार्गशीर्षात मुंबईला होतं असं त्यांनी ठोकून दिलं असतं, तर गावात कोणाला ती वाचता येणार होती? बापाचं नावही राहिलं असतं, आईचंही.

गावात उतरल्यावर ते घरी न जाता पाराकडे वळले. नाना होतेच. "काय आबा, सापडनं का जहाज?"

"मना बाप जहाजवर गयाच नही," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घाबरना. दोन वरीस सासरवाडीमा कापूसमा दडेल व्हता."

पार हसून हसून लोळायला आला. नानांच्या डोळ्यांतून पाणी. समुद्र, कप्तान, दोन-दोन हातांनी वाढलेला तो मासा, सगळं एका दमात बुडालं. आबांनी सगळ्यांना पोटभर हसू दिलं. मग नानांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"मार्गशीर्षमा बी तठेच व्हता," ते म्हणाले. "मनी मायजवळ."

नानांनी डोळे पुसायला उचललेलं उपरणं तसंच धरून ठेवलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.