वरच्या बाई

बाईंना हळू बोलता येत नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर त्या अकरा वर्षं चार महिने राहिल्या. एवढ्या काळात त्यांचं खालच्या ओट्यावर ऐकू आलं नाही असं एकही वाक्य मला आठवत नाही. बापाची मेंढरं सेनगावकडच्या माळावर चरायची आणि बाईंचं लहानपण या टेकाडावरून त्या टेकाडावर हाका मारण्यात गेलं. पुढे कळमनुरीत शाळेत मराठी शिकवू लागल्या तरी गळा माळावरचाच राहिला. संध्याकाळी सिस्टरची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी दिसली की बाई गॅलरीतून ओरडायच्या, "आलीस का ग? दुपारी जेवलीस का?" सिस्टर हातानेच खुणावायच्या, हळू, हळू. तोवर सगळ्या गल्लीला कळलेलं असायचं की सिस्टर दुपारी जेवल्या नाहीत.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. तांड्यावरच्या, बाईंपेक्षा सहा वर्षांनी लहान. दोघी वरच्या दोन खोल्या बघायला आल्या तेव्हा मी विचारलं होतं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?" बाई म्हणाल्या, "सोबत राहतो आमी." मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे, लोकांच्या शेताच्या हद्दी मोजणं हेच माझं काम. उत्तर अर्धंच मिळालंय हे मला कळलं होतं. पण दोघींच्या नोकऱ्या कायम होत्या, बोलणं सरळ होतं, म्हणून पुढचा प्रश्न विचारला नाही. माझ्या कामावरून बाई मला 'मोजणीदार' म्हणू लागल्या. आमच्या घरात त्या 'वरच्या बाई' झाल्या.

त्यांच्या वर्गात निबंधाचे विषय निराळे असायचे. माझी थोरली मुलगी वृषाली नववीत असताना विषय आला, 'माझ्या आईचा एक दिवस, घड्याळ लावून.' मुलींनी दिवसभर आईच्या मागे फिरायचं, प्रत्येक कामाची मिनिटं लिहायची आणि शेवटी बेरीज करायची. वृषालीची बेरीज आली पंधरा तास पन्नास मिनिटं. मी वही तपासली. नळाचं पाणी भरण्याची पंचवीस मिनिटं राहून गेली होती. मी ती लाल पेनाने घातली आणि सोळा तास पंधरा मिनिटं केली. माझी बायको शोभा मागे उभी राहून वाचत होती. ती म्हणाली, "बेरीज बराबर केली. आता वजाबाकी कोण करणार?" दुसऱ्या दिवसापासून पाणी मी भरतो. आजही भरतो.

सगळ्या घरांत तो विषय असा पचला नाही. एक पालक शाळेत जाऊन म्हणाले, "बाई, आमच्या घरातलं काहून बाहेर काढून राहिल्या?" बाई म्हणाल्या, "बाहेर कुठं काढलं? घरातच होतं. तुमाला दिसंना म्हणून लेकीनं दाखवलं." हे त्या व्हरांड्यात बोलल्या, त्यामुळे आठवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांनी ऐकलं.

बाई लिहायच्याही. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, गॅलरीत पाट मांडीवर घेऊन. गोष्टींची तीन पुस्तकं निघाली होती. गोष्टींतल्या बाया आमच्या ओळखीच्याच असायच्या. कुणी सासरहून स्वतःच्या पायाने परत आलेली, कुणी सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला तलाठ्याकडे चौदा चकरा मारलेली. स्त्रीवाद हा शब्द आमच्या गल्लीत पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून आला. गोष्ट लिहून झाली की रविवारी दुपारी सिस्टरना वाचून दाखवायच्या. सिस्टरना झोप लागली की गोष्ट नापास. सिस्टर दवाखान्यातून दमून आलेल्या असायच्या, त्यामुळे मला हे मोजमाप कधीच पटलं नाही. तसं मी म्हटलं तर बाई म्हणाल्या, "वाचणाऱ्या बाया बी दमलेल्याच असतात, मोजणीदार. त्यांना जागं ठेवलं पायजे."

त्यांच्या वास्तव्याच्या नवव्या वर्षी बाईंनी आत्मचरित्र लिहिलं आणि छापायला देण्याआधी बाड माझ्याकडे दिलं. "भाषेचं मी बघते. वयं, वर्षं, अंतरं तुमी बघा. तुमच्या हातून आकडा निसटत न्हाई." दोनशे चौदा पानं होती. मी रोज कचेरीतून आल्यावर वीस पानं तपासायचो आणि समासात पेन्सिलीने खुणा करायचो. गाव ते शाळा बारा किलोमीटर असं त्यांनी लिहिलं होतं. मी नकाशावर मोजलं, ते आठ भरलं.

"आठच?" बाई गॅलरीतून म्हणाल्या. "माझ्या पायाला इचारा."

"पायाला नाही, नकाशाला विचारलं."

"नकाशा अनवाणी गेलता का?" असं म्हणून त्यांनी आठ लिहिलं.

पहिल्या सहा प्रकरणांत एकोणिसाव्या वर्षी झालेलं लग्न होतं आणि बावीस दिवसांनी एकटीने एसटीने माहेरी परत येणं होतं. भावकी जमली. बाप एवढंच म्हणाला, "चुकलेलं मेंढरू परत आलं तर आपण हाकलतो का?" मग पुढचं शिक्षण, शाळा, पहिली गोष्ट. तिथवर माझ्या एकतीस खुणा झाल्या होत्या.

सातव्या प्रकरणात मी थांबलो. तिथे लिहिलं होतं, 'मी स्त्रीवादी आहे हे मी वर्गात सांगते. मी समलिंगी आहे हे मी कुठेच सांगितलेलं नाही. ते आता सांगते.' त्यापुढे सिस्टर होत्या, आणि सिस्टरच्या पुढे आमचं घर होतं. जिना, गॅलरी, शोभाने वर पाठवलेली उकडशेंगांची वाटी, पाणी भरणारा मी. दोघींना दार लावून आणि दार उघडं ठेवूनही राहता येईल असं घर आयुष्यात पहिल्यांदा मिळालं, असं त्यांनी लिहिलं होतं. माझं नाव सहा पानांत नऊ वेळा होतं. मी दोनदा मोजलं.

मला घाम फुटला. वृषालीची सोयरीक तेव्हा जमत आली होती. मुलाकडचे पुढच्या आठवड्यात येणार होते. मी शोभाला ती पानं दाखवली.

ती म्हणाली, "तुमाला आज कळलं व्हय? मला तिसऱ्या महिन्यात कळलं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"काय बोलायचं? दोघी नीट राहतात. एकमेकीला जपतात. आपल्या गल्लीत असं किती घरांत हाय, मोजा."

"पण आता हे छापून येणार. वृषालीचं काय?"

भीती तिलाही होती, फक्त ती माझ्यासारखी घामाने दिसत नव्हती. त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. पाहुणे घर बघतील, जिना बघतील, वर कोण राहतं विचारतील, हेच डोक्यात फिरत होतं. धाकटीही पाठीमागे होतीच.

शेवटी रविवारी सकाळी मी बाड घेऊन वर गेलो. सिस्टर मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "सगळे आकडे तपासले. सदतीस चुका होत्या, दुरुस्त केल्या."

"आणि सातवं?" बाईंनी विचारलं.

"सातव्यात चूक नाही."

"मग तोंड असं काहून झालं?"

मी सांगितलं. सोयरीक, पाहुणे, लोक काय म्हणतील, सगळं एका दमात. बाई म्हणाल्या, "म्हंजी प्रकरण काढू?"

"प्रकरण तुमचं आहे. ते काढा असं मी कसं म्हणू? आमचं घर तेवढं काढा."

सिस्टरचा हात मेथीतच थांबला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, घर काढलं तर त्या पुस्तकात आमी दोघी राहतो कुठं?"

बाईच म्हणाल्या, "राहू दे ग. लेकीच्या बापाचं काळीज हाय." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात, "शब्द दिला, मोजणीदार! तुमचं घर न्हाई येणार!" मी आधी गॅलरीतून खाली बघितलं, गल्लीत कुणी आहे का. आभार मानायचे राहूनच गेले.

पुस्तक आलं. बाईंच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. अकरा पालक शाळेत गेले, या बाईंच्या वर्गात मुली बसवणार नाही म्हणाले. बाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी तीन ओळी दिल्या, 'एकतीस वर्षं शिकवते आहे. माझ्यामुळे कुणाच्या मुलीचं काय वाईट झालं, ते नावानिशी लिहून द्यावं. त्याचा खुलासा मी करीन.' कुणीही लिहून दिलं नाही. अकरापैकी नऊ मुली पुन्हा वर्गात येऊ लागल्या. त्या दिवसांत मी घराचं फाटक दिवसातून चार-चार वेळा तपासायचो. कोपऱ्यावर तीनच्या वर माणसं उभी दिसली की आत येऊन कडी लावायचो. बाईंना कुणी दगड मारला नाही. दोन ओळखीच्या बायकांनी त्यांच्याकडे येणं सोडलं, आणि चार अनोळखी बायका बसने येऊन त्यांना भेटून गेल्या.

याच काळात शाळेच्या संस्थेतल्या एका गृहस्थांनी चहाच्या हॉटेलात मला विचारलं, "त्या तुमच्याकडंच राहतात ना?" मी म्हटलं, "भाडेकरू आहेत. वरचं मला काय माहीत?" त्यांनी मान हलवली आणि चहा संपवला. हे वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

वृषालीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आमचे व्याही चांगले आहेत. त्यांच्या घरी पंचांग आणि मुलांची पाठ्यपुस्तकं सोडली तर पुस्तक नाही. बाईंचं पुस्तक त्यांनी तेव्हा वाचलं नाही, आजवर वाचलेलं नाही. ज्यांच्या भीतीने मी घर काढायला लावलं, त्यांच्यापर्यंत ते कधी पोचणारच नव्हतं. लग्नात बाई पहिल्या रांगेत बसल्या आणि मंगलाष्टकं सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या. सिस्टर दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. तसं बसायला त्यांना मी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंही नाही.

नंतर हिंगोलीत एका सभागृहात बाईंच्या पुस्तकावर कार्यक्रम झाला. मी गेलो आणि चौथ्या रांगेत बसलो. कॉलेजातली एक मुलगी उठली. "मॅडम, कळमनुरीत तुम्ही दोघी राहिलात कुठे, ते पुस्तकात नाहीच. त्या घरात तुम्हाला तकलीफ झाली का? म्हणून लिहिलं नाही का?"

बाईंनी मला बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "न्हाई ग लेकरा. काहीच तकलीफ न्हाई झाली. पर त्या घराबद्दल मी शब्द दिलाय." मुलीने सहानुभूतीने मान हलवली. तिला वाटलं, धमकीच दिली असणार कुणीतरी. सभागृहातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं असावं. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर गैरसमज तिथेच मिटला असता. मी खुर्चीचा दांडा धरून बसून राहिलो.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी सिस्टरची बदली डोंगरकडा या गावी झाली. दोघींनी तिथे दोन खोल्या बांधल्या. सामान टेम्पोत भरताना बाई खालून वर ओरडून सिस्टरना कपाट कसं धरायचं ते सांगत होत्या आणि शोभा रडत होती. गेल्या वर्षी बाई वारल्या. हृदयाचा त्रास होता. मी आणि शोभा गेलो होतो. सिस्टरच्या शेजारी बसायला त्यांच्या नात्यातलं कुणी नव्हतं. शोभा बसली.

महिन्यापूर्वी सिस्टरचा फोन आला. "दादा, बाईचं पुस्तक परत छापून राहिले. घराचं काय करू? बाईनं शब्द दिलता, मी तो मोडणार न्हाई. तुमी सोडवला तरच सुटंल."

मी दोन दिवस मागितले. वृषालीला फोन केला. म्हटलं, "आता तुझ्या सासरी कळलं तर काय होईल?" ती म्हणाली, "काय होईल? सासूबाई विचारतील, भाडं किती घ्यायचा. बाबा, लग्नाला सात वर्षं झाली माझ्या. अजून काहून भिऊन राहिले?"

भीती गेली आहे असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. धाकटीचं लग्न अजून व्हायचं आहे. तरी तिसऱ्या दिवशी मी सिस्टरना म्हटलं, "शब्द सुटला. घर घाला." त्या म्हणाल्या, "घालू काय? ती सहा पानं बाईनं तवाच फाडली. शब्द दिला म्हंजी दिला. मला तिच्यासारखं लिहिता येत न्हाई, दादा. तुमीच लिहा."

मलाही तसं लिहिता येत नाही. मला मोजमाप येतं, तेवढंच देतो. कळमनुरीत, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एका गॅलरीत बाई आणि सिस्टर एकत्र राहिल्या. त्यांनी तिथे संसार केला. त्यांच्यामुळे आम्हाला एक दिवसही तकलीफ झाली नाही. घर पुस्तकातून त्यांनी काढलं नाही, मी काढायला लावलं.

हा मजकूर मी सिस्टरना फोनवर वाचून दाखवला. मग त्यांनी विचारलं, "खाली नाव आन् गल्ली छापू का, दादा?" शोभा शेजारीच उभी होती. मी म्हटलं, छापा.