ओळी तोडलेला कागद

इथले गूढ अनुभव मी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. आमच्या देवरीकडं, गोंदिया जिल्ह्यात, अशा गोष्टींना तोटा नाही, पण मी एकीवरही कधी विश्वास ठेवला नाही. आता स्वतःच लिहायला बसले आहे... तेव्हा तुम्हीही हसलात तरी चालेल. चुका सांभाळून घ्या, शिक्षण आठवीपर्यंतच आहे.

शाळा सुटली ती अडखळण्यामुळं. वर्गात उभं राहून वाचायचं आलं की ब आणि प वर माझी जीभ बसायची, ती उठायचीच नाही. पोरं हसायची. एक दिवस गेले नाही, मग कधीच गेले नाही. पुढं लग्न झालं, नवऱ्याला वालचंदनगरला कंत्राटी काम लागलं आणि मी इतक्या लांब आले. इकडची गावं तरी कुठली, तर बारामती, पणदरे, पळसदेव.

एकदा बारामतीला जायचं होतं. गाडीत चढले तर कंडक्टर समोर उभा, मागं माणसं, आणि ब निघेना. घाबरून म्हटलं, "इंदापूर." त्या भल्या माणसानं मला उतरवून इंदापूरच्या गाडीत बसवून दिलं. शेजारी साठीच्या एक बाई येऊन बसल्या.

"का गं, मगाशी बारामतीच्या गाडीत चढलेलीस की. हिकडं कशी?"

मला रडूच आलं. कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नुसतं बारामती कशाला म्हणतीस? 'एक बारामती' म्हण. सोपा शब्द म्होरं, अवघड त्याच्या मागनं."

या कुसुमकाकू. माहेर पणदऱ्याचं, एका कंपनीच्या कंप्युटर विभागातून रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. घरी टायपिंग आणि प्रिंटिंगची कामं घ्यायच्या. त्यांच्या कंप्युटरला माउस नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं कमांड देऊन करायचं. मला त्यांनी कामाला ठेवलं आणि कमांडा शिकवल्या. आठवीवाल्या बाईला कोण शिकवतं हो?

रोज माझ्यासाठी त्या एक पान टाइप करायच्या आणि जागोजागी एन्टर मारून ओळी तोडायच्या, अशा की ब-प चा शब्द ओळीच्या सुरुवातीला येऊच नये. मग ते छापून मी मोठ्यानं वाचायचं. पहिल्याच आठवड्यात मी त्या पानाला चुकून एफएमटी ही कमांड दिली आणि आलं ते त्याच फाइलीवर साठवलं. ती सगळ्या ओळी जोडते आणि आपण सांगू तेवढ्या रुंदीवर परत तोडते. ती फक्त अक्षरं मोजते, अर्थबिर्थ तिला कळत नाही. काकूंची तासाभराची मेहनत सपाट झाली.

"इस्त्रीच केलीस की गं सगळ्याला," म्हणाल्या, आणि हसत परत तोडायला बसल्या.

वाचनालयात म्हाताऱ्या मंडळींचा एक वाचनकट्टा होता. बऱ्याच जणांची नजर गेलेली, दर शनिवारी वाचून दाखवायला माणूस हवं होतं. काकूंनी माझं नाव सुचवलं. कट्टा चालवणारे तात्या माझ्या समोरच म्हणाले, "काकू, ही दोन शब्दाला पाच मिंटं घेती. आमची वयं बघा जरा."

"एक पान ऐका तिचं. न्हाय जमलं तर मी बी तुमाला तोंड दाखवणार न्हाय."

झालं. आता माझ्याबरोबर त्यांचाही शब्द अडकला.

आणि वाचनाच्या आदल्या दिवशी काकू मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन. माझं वाचनही त्याच दुपारी, चार वाजता.

पान मी स्वतः लिहिलं होतं — उजनी धरणाचं पाणी उतरल्यावर उघडं पडलेलं पळसदेवचं देऊळ बघायला गेलो होतो त्याचं. काकूंनी ते पाहिलंही नव्हतं, ओळी त्या तोडणार होत्या. मला कुठं तोडायचं ते कळेना. शेवटी सलग लिहिलेल्या त्या फाइलला एफएमटी दिली, न साठवता थेट छापलं, न बघताच घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि निघाले. दीड वाजला असेल. काकू तेव्हा भूल देऊन टेबलावर होत्या.

कट्ट्यावर कागद उघडला, तर ओळी लहानमोठ्या.

आम्ही बसमधून उतरलो
आणि पाणी कुठंच दिसेना.

'पाणी' हा शब्द ओळीत दुसरा आला होता. खाली बघितलं — बायका, पायऱ्या, पळसदेव, एकही शब्द सुरुवातीला नाही. शब्द माझेच, एकही वाढलेला नाही. नुसत्या तोडायच्या जागा. मी वाचत गेले. शेवटाकडं असं होतं...

देऊळ बघून मला
का कोण जाणे
आई
आठवली.

'आई' एकटीच एका ओळीत. तिथं मला थांबावं लागेल हे मलाही माहीत नव्हतं. थांबले. श्वास घेतला. पुढं वाचलं.

मग तात्या शेजाऱ्याला म्हणाले, "डोळं पूस, पोरीला दिसतंय." आणि मला, "शनिवारी चारला ये. उशीर केलेला चालायचा न्हाय."

घरी न जाता काकूंच्या कंप्युटरवर गेले. फाइल सलगच, एकही एन्टर नाही. तीच कमांड चार वेळा दिली, चारही कागद इस्त्री केल्यासारखे सारखे आले. नवरा म्हणतो, घाईत तूच मारले असशील एन्टर. मग ते फाइलीत दिसायला नकोत का?

दोन दिवसांनी दवाखान्यात काकूंना तो कागद दिला. त्यांनी चष्मा लावून एकेका ओळीवर बोट फिरवलं. 'आई'वर बराच वेळ थांबल्या.

"कुणी तोडलं गं हे?"

"काकू, मी न... प... प..."

प्रिंटरमधून असंच आलं, हे सांगायचं होतं. जीभ उठेना. त्यांनी माझा हात धरला.

"सांगू नगंस. म्हाईत हाय मला. मला बी आसं जमलं नसतं पोरी." आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

त्यानंतर सांगायचा धीर झाला नाही. आता काकू काठी घेऊन चालतात, मी दर शनिवारी वाचते, ओळी माझ्या मीच तोडते, बऱ्या जमतात. त्या कागदासारख्या नाही. त्या ओळी कुणी तोडल्या, मला आजही कळलेलं नाही. ज्यांना विचारावं अशा एकट्या काकू, आणि त्या तर येईल त्याला कौतुकानं सांगतात की माझ्या पोरीनं तोडल्या.