भोपळ्याचं गुरगुरणं

आमची ही कुत्र्यांना शिकवते असं सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. तुमच्या कुत्र्याने पाहुण्याच्या पोटरीचा लचका तोडला की तिलाच फोन कराल. ती आधी तुमची हजेरी घेईल, मग येईल.

राग कायम तिच्या नाकावर. पण फक्त माणसांसाठी हं! कुत्रं नुसतं खाली बसलं तरी "शाब्बास रे माझ्या राजा!" आणि वर उकडलेल्या चिकनचा तुकडा. मी शिंपी. तिला खाऊसाठी कमरेला बांधायची पिशवी शिवून दिली. दुहेरी अस्तर, एका हाताने उघडेल असं तोंड. तिने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "टाका वाकडा आलाय तुमचा." वाकडा नव्हता! लग्न झाल्यापासून माझ्या वाट्याला एक शाब्बास आलेली नाही.

आधी ती कुत्री सांभाळायच्या एका केंद्रात कामाला होती. तिथला मालक कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी पट्टे घालून हिसके द्यायचा. एक दिवस हिने तो पट्टा त्याच्या टेबलावर आपटला. "आधी स्वतःच्या गळ्यात घालून दाखवा," म्हणाली. नोकरी गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, पण तोंडावर सांगायची सोय नाही.

तर एक दिवस तिला फोन आला. पलीकडे एक बाई कुजबुजत होती. त्यांचा कुत्रा भोपळ्या तिच्या नवऱ्याला चावला होता, आणि नवऱ्याने ठरवलं होतं की शनिवारी त्याला दवाखान्यात नेऊन कायमचं झोपवायचं. "तुम्ही काही करू शकाल का?" एवढंच विचारून बाईने फोन ठेवला. नवरा आला असावा.

नवऱ्याची ड्रायव्हिंग स्कूल होती. आम्ही गेलो तेव्हा तो सोफ्यावर पसरला होता, हाताला बँडेज. पिवळा, गोल पोटाचा भोपळ्या खुर्चीखाली मान तिरकी करून पडला होता. "ठार बिनभरवशाचं जनावर," नवरा सांगायला लागला. "सोफ्यावरून उतरवायला कान धरला, तर सरळ चावला. गुरगुरलासुद्धा नाही!"

"आधी गुरगुरायचा?" हिने विचारलं.

"गुरगुरायचा की! मी मोडली ती सवय." त्याने उठून चपलांच्या कपाटावरचा गुंडाळलेला पेपर उचलून दाखवला. त्याला रबरबँड लावला होता. "गुरगुरला की नाकावर एक. महिन्याभरात गप्प."

काय तो तोरा! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि मी तर नुसता गाडी चालवायला गेलेलो.

ही म्हणाली, "तुम्ही गाड्या शिकवता ना? समोरच्याने हॉर्न वाजवला म्हणून तुम्ही त्याचा हॉर्नच उपटून टाकलात. आता धडक बसली तर कसले रडता?"

भोपळ्याची तिरकी मान बघूनच तिला शंका आली होती. तिने त्याला तसाच डॉक्टरांकडे नेला. कान आतून सडला होता. म्हणजे बिचारा इतके दिवस हेच सांगत होता, की कानाला हात लावू नका, दुखतंय. आणि हा शहाणा त्याला सांगितल्याबद्दल मारत होता! भोपळ्याने मुकाट्याने सोसलं, आणि सोसवेना तेव्हा चावला.

हे सगळं ऐकून नवऱ्याला लाज वाटावी? छे! "असेल," म्हणाला. "कानात रोज औषध घालावं लागेल ना? शनिवारी माझ्यासमोर घालून दाखवा. दात लावले तर तिथूनच त्याला गाडीत टाकतो."

मग ही रोज जायला लागली, नवरा कामावर असताना. स्टुलावर टॉवेलची घडी ठेवायची. भोपळ्याने आपण होऊन त्यावर हनुवटी टेकवली की शाब्बास आणि तुकडा. टेकवून ठेवली की आणखी तुकडा. मग बाटली नुसती दाखवायची, मग कानाजवळ न्यायची. हे सगळं बाईकडून करून घ्यायचं, कारण रोज तिथे राहणार बाई. आणि एक नियम पक्का. त्याने हनुवटी उचलली की बाटली मागे.

"म्हणजे त्याने नको म्हटलं की थांबायचं?" बाईने विचारलं.

"थांबायचं."

"लगेच?"

"लगेच. नको म्हटलेलं ऐकतात हे कळलं, की त्याला चावायची गरज उरत नाही."

बाई बराच वेळ बाटली हातात धरून उभी होती. आधी मला वाटलं, तिला समजलं नसेल.

शनिवार उजाडला. नवऱ्याने गाडीची किल्ली हातातच ठेवली होती. भोपळ्याने टॉवेलवर हनुवटी टेकवली. बाईने पहिला थेंब टाकला. तो हलला नाही. दुसरा टाकणार, तेवढ्यात नवरा पुढे वाकला. "काय थेंब थेंब खेळत बसलीस? आण इकडे!" आणि त्याने कानाकडे हात नेला.

भोपळ्याने हनुवटी उचलली आणि तो गुरगुरला. किती दिवसांनी! हिचा चेहरा उजळला. पण नवऱ्याने सवयीने कपाटावरचा पेपर उचलला. मी मनात म्हटलं, आता ही याची सालटी काढणार, आणि काढावीच.

पण आवाज आला तो बाईचा.

"मागे सरा."

नवऱ्याने वळून बघितलं. "मला म्हणालीस?"

"तुम्हालाच. तो नको म्हणतोय. पेपर खाली ठेवा. तो कुठेही जाणार नाही, आणि परत त्याच्यावर काही उगारलंत तर मी आणि तो, दोघंही या घरात नसू."

बाटली तिने घट्ट धरली होती. नवऱ्याने आमच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग त्याने पेपर ठेवला आणि एक पाऊल मागे सरला.

"शाब्बास," ही म्हणाली. त्याला! अगदी कुत्र्याशी बोलते त्या आवाजात. तो गोंधळून आणखी एक पाऊल मागे गेला. भोपळ्याने परत हनुवटी टेकवली आणि दुसरा थेंब कानात गेला.

गाडीत बसल्यावर मी फुटलोच. "त्या मेल्याला शाब्बास? त्याला? मी इतकी वर्षं तुझी गाडी हाकतोय, तुझ्या पिशव्या शिवतोय!"

"ओरडू नका," ती म्हणाली. "आपण आलो निघून. ती बाई आणि भोपळ्या त्याच्याबरोबर आत आहेत. तो मागे सरला होता. त्या क्षणी मी शाब्बास म्हटलं नसतं तर पुढच्या वेळी सरला असता का?"

"तुला राग नाही आला?"

घरी आल्यावर तिने कमरेची पिशवी सोडून माझ्या मशीनवर टाकली. तोंडाजवळचं अस्तर, दुहेरी, मी स्वतः शिवलेलं, तिने त्याला शाब्बास म्हणताना मुठीत आवळून पार फाडलं होतं. मी सुई ओवली आणि शिवायला बसलो.