एस्टी येईस्तोवर

माझी थोरली जाऊ साखरबाई, आमची आक्का, शेळगावात खुरपणीच्या टोळीची मुकादमीण होती. आता गावातले लोक तिच्याबद्दल गोड गोड बोलतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वेळ आली तेव्हा ह्यातला एकही तिच्या बाजूनं उभा राहिला न्हाय.

आमी दादासोंच्या उसात खुरपायला जायचो. सुट्टी कधी, ते त्यांच्या मनगटावर. आमच्यातल्या एकीकडंही घड्याळ न्हवतं. दिवस मावळायला टेकला तरी मनगट बघून ते म्हणायचे, "अजून पाच वाजायचेत, बायांनो." त्यांचे पाच काही वाजता वाजत न्हवते. आक्काची नुसती चडफड व्हायची. तिच्या दारात एक म्हैस होती, ती आक्काशिवाय कुणाला सडाला हात लावू देत न्हवती. डेअरीला दूध आक्काच्या नावावर जायचं. साऱ्या घरात तिच्या नावावर तेवढंच होतं, आणि डेअरी दिवेलागणीला बंद. उशीर झाला की दुधाची गाडी गेलेली असायची, अन् आक्का किटली घेऊन माघारी.

शहाण्णव साली तिनं मालकाला गाठलं. "दादासो, घड्याळ तुमचं, पर एस्टी सरकारची. सांजची बारामती-इंदापूर गाडी रस्त्यानं गेली की आमी उठणार. त्याच्याआधी एकही बाई हलायची न्हाय, त्याच्यापुढं तुमी थांबवायचं न्हाय." दादासो हसले, पण कबूल झाले. आक्कानं त्यांना अन् आमा सगळ्यांना बिरोबाच्या देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला. देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत न्हाय.

पुढचे काही महिने ब्येस गेले. हॉर्न ऐकला की खुरपं झटकून आमी रस्त्याला. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायाही असंच मागायला लागल्या. आक्का उजेडात घरी जायची, म्हैस पिळायची, डेअरीच्या रांगेत पहिली उभी राहायची.

मग गाडीची वेळच बदलली. एमआयडीसीतली माणसं सुटली की त्यांना घेऊन निघायचं असं ठरलं, आणि गाडी अंधार पडल्यावर यायला लागली. दादासो बांधावर उभं राहून विचारायचे, "गाडी दिसती का? न्हाय ना? मग बसा." आक्का बारामतीच्या स्टँडवर जाऊन भांडून आली. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, ती गाडी कामगारांसाठी आहे."

"मग आमी काय उसात हवा खायला जातो व्हय?" आक्का म्हणाली. त्यानं तिच्या मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

इकडं डेअरीवाला सांगून गेला, असेच खाडे व्हणार असतील तर नाव कमी करतो. आक्का टोळीला म्हणाली, उद्यापासनं उजेड हाय तवर उठायचं. तर बाया हलेनात. छबूबाई म्हणाली, "भंडारा उचललाय, साखरबाई. मला लेकरं हाईत." असा संताप आला मला. मालकाला भ्याल्या असत्या तर चार शिव्या घालून उठवल्या असत्या. देवाला भ्यालेल्या बाईला काय सांगायचं?

शेवटी आक्का देवळात गेली. मी पायरीशी उभी होते. तिनं भंडारा देवापुढं परत ठेवला आणि पुजाऱ्यादेखत म्हणाली, "शब्द मी द्यायला लावला, मीच माघारी आणलाय. काय कोप करायचा तो माझ्यावर कर." मग कुठं बाया तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी आमी सगळ्या उजेडात उठलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दादासोंनी टेम्पो भरून परगावच्या बाया आणल्या. आमी रस्त्यावर. मदतीला कुणी यावं तर गाव म्हणतंय, देवाचा शब्द मोडला, आता भोगा. आक्का तरातरा उसात शिरली, त्या बायांना उठवायला. मी मागं.

पहिल्याच सरीत तिची लेक सुकन्या बसलेली. दोन वर्षांमागं परगावी लग्न करून दिलेली.

"आई, तुमची टोळी दुसरीकडं गेली म्हणाले," सुकन्या गडबडून उठली. "म्हनलं, जाता जाता तुला भेटून व्हईल."

"कधी सोडणार तुला?"

"एस्टी आल्यावर. अंधारच व्हईल." तिचं पोलकं पुढनं भिजलं होतं. तिनं पदर ओढून घेतला. "लेकरू सासूपाशी ठेवलंय. अजून अंगावर पितंय. मी म्हनलं लवकर सोडा, तर मालक म्हणाले हितली पद्धतच हाय, बायकांनीच मागून घेतलीया. कोण गं ही बया, असलं मागणारी?"

"मी," आक्का म्हणाली, आणि लेकीसमोर सरीत खाली बसली.